पक्षी तुमचा, चोच सरांची

*काका, नमस्कार.*

*आमच्या भागात लाकडाचं कोरीव काम करणाऱ्यांचा एक क्लब आहे. आठवड्यातून एकदा संध्याकाळी सगळे जमतात. मी नवशिक्यांच्या सहा वर्गांना नाव घातलं. आधी लाकडाचं अंडं कोरलं, ते माझं मी केलं. मग तळहाताएवढा पक्षी. त्याच्या चोचीपाशी लाकूड सारखं तुटायला लागलं, तेव्हा सरांनी पक्षी माझ्या हातातून घेतला आणि चोच, डोळे, मानेचं वळण पाच मिनिटांत करून दिलं. सर मनाने फार चांगले आहेत. आता क्लबचं वार्षिक प्रदर्शन आहे आणि तो पक्षी माझ्या नावाने मांडायचं ठरतंय. घरचे कौतुक करतात तेव्हा मला चोरी केल्यासारखं वाटतं.*

*घरी सराव करावा म्हणून जुन्या पलंगाच्या पायाचा तुकडा घेतला, तर चाकू आत शिरेचना, मनगट मात्र दुखून आलं. क्लबमध्ये काही जण छोट्या मशीनवर कोरतात, ते सोपं दिसतं. एकांनी बारा हत्यारांचा संच घ्यायला सुचवलंय. पुढे उठावकामाचा, म्हणजे फळीवर उठून दिसणारी आकृती कोरायचा, आठ वर्गांचा कोर्स आहे. त्याला नाव घालू, की हे आपल्याला जमणारं नाही म्हणून इथेच थांबू? आणि माझा अकरा वर्षांचा मुलगा मागे लागलाय, 'मलाही ने' म्हणून. त्याला नेऊ का?*

*– एक नवशिकी*

ताई,

प्रदर्शनाचं आधी सांगतो, कारण त्याला दिवस थोडे उरले असतील. तो पक्षी एकट्या तुमच्या नावाने ठेवू नका. ठेवायचाच असेल तर चिठ्ठीवर सरळ लिहा, 'चोच, डोळे आणि मान सरांच्या हातची.' पण मला विचाराल तर अंडं ठेवा. ज्यांना या कामातलं कळतं ते अंडं हातात घेऊन फिरवून बघतील, कारण अंडं दिसतं तितकं सोपं नसतं. दोन्ही टोकांकडे जाताना लाकडाच्या रेषांची दिशा बदलते, कुठे चाकू वळवायचा हे दर वेळी ठरवावं लागतं आणि एका बाजूला जरा जास्त लाकूड गेलं की सगळा गोलावा बिघडतो. ते तुम्ही कुणाचा हात न लागता केलंत. प्रदर्शनात स्पर्धाही असेल तर पक्ष्याचा विचार सोडूनच द्या. तिथे काम स्वतःच्या हातचं असावं लागतं, चिठ्ठी लिहून ते भागत नाही.

एका कामाला दोघांचे हात लागणं यात वाईट काही नाही. जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गचा टिलमन रीमनश्नायडर, जो १५३१ मध्ये वारला, त्याची मोठी कार्यशाळा होती. शिकाऊ आणि मदतनीस त्यात राबत, आणि काम बाहेर पडे ते उस्तादाच्या नावाने. तुमच्या वर्गात नेमकं उलट झालं. उस्तादाने कोरलं आणि नाव शिकणाऱ्याचं लागतंय. तुम्हाला जे टोचतंय ते रास्त आहे. ते टोचणं घालवायला कौतुक नाकारायची गरज नाही. कुठला भाग कुणी केला एवढं घरच्यांना सांगा, तेही आजच.

आता सरांविषयी. शिकवणाऱ्याचा हात असा का पुढे येतो हे मी बऱ्याच क्लबांमध्ये पाहिलं आहे. सहा वर्गांत प्रत्येकाच्या हातात एक पुरी झालेली वस्तू द्यायची असते. दहा जण एकदम 'सर, इकडे बघा' म्हणत असतात. चोच तुटली तर समोरचा माणूस हिरमुसून पुढच्या वेळी येणारच नाही ही भीती असते. त्यामागे प्रेमच असतं. पण त्या पाच मिनिटांत तुम्हाला जे शिकायचं होतं ते सरांच्या बोटांनी केलं आणि तुमची बोटं नुसती बघत राहिली. म्हणून पुढच्या वेळी पक्षी त्यांच्या हातात जायच्या आधीच म्हणा, 'सर, तुम्ही तुमच्या ठोकळ्यावर दाखवा, मी माझ्यावर करते.' चांगला शिक्षक याने दुखावत नाही, उलट त्याला हायसं वाटतं. काही शिक्षक स्वतःच हा नियम पाळतात. विद्यार्थ्याच्या कामाला त्यांची फक्त पेन्सिल लागते, चाकू नाही. पेन्सिलीने ते 'इथून कापा, इकडे जा, इथे थांबा' एवढं आखून देतात. सरांना तेच मागा. मात्र तुमची पकड धोक्याची असेल आणि त्यांनी मध्येच हात धरून थांबवलं तर लगेच थांबा, तिथे संकोच नको.

तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग हा, की चोचीपाशी लाकूड 'सारखं तुटत' होतं. तुम्ही ते स्वतःच्या अंगी लावून घेतलंत. मला खात्रीने वाटतं की त्यात तुमच्या हाताचा दोष थोडा, आणि धार व रेषा यांचा जास्त.

आधी धार. क्लबच्या पेटीतला चाकू अनेकांच्या हातून जातो आणि तो बोथट असतो असं धरूनच चालायचं. पारख सोपी आहे. मऊ लाकडाच्या तुकड्याच्या टोकाला, जिथे धागे आडवे कापले जातात तिथे, एक पातळ ढलपी काढा. काप चकचकीत आला तर धार नीट. पांढरट, चुरगळल्यासारखा आला तर पातं लाकूड कापत नाहीये, दाबतंय. चकचकीत कापावर एखादी पांढरी रेघ उमटली तर धारेला त्या जागी बारीक खाच पडली आहे. हे वर्ग सुरू व्हायच्या आधी करून बघायची सवय लावून घ्या.

बोथट चाकूला दर वेळी दगडावर घासायची गरज नसते. लाकडी पट्टीवर चिकटवलेलं चामडं आणि त्यावर चोळलेली पॉलिशची पेस्ट, बहुतेक जण क्रोमियम ऑक्साइडची हिरवी वापरतात, एवढ्यावर बरंच काम होतं. पात्याचा उतार चामड्यावर सपाट ठेवायचा आणि धार मागे राहील असं ओढायचं. धार पुढे करून ढकललंत तर चामडं कापलं जाईल. दर बाजूला दहा-पंधरा वेळा पुरे. शेवटी पातं वर उचलताना मनगट वळवू नका. तिथेच धार गोल होते आणि माणूस तासभर चामड्यावर घासूनही चाकू चालत का नाही म्हणून वैतागतो. कोरत असताना अर्ध्या तासाने एकदा थांबून हे केलंत तर दगडाची पाळी क्वचितच येईल. दगड लागतो तो खाच पडल्यावर किंवा उतार बिघडल्यावर. कोरीव कामाच्या चाकूला साधारण २० ते २५ अंशांचा एकूण कोन चालतो, आणि तो राखायला पहिल्यांदा कुणी शेजारी बसून दाखवलं तर फार बरं. बऱ्याच क्लबांत यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवलेली असते. तुमच्याकडे नसेल तर सरांना सुचवा. नवशिक्यांना पक्ष्याच्या आधी याचीच गरज असते.

मग रेषा. चोच लांबट आणि बारीक असते, त्यामुळे लाकडाच्या रेषा तिच्या लांबीच्या दिशेनेच जायला हव्यात. रेषा चोचीला आडव्या गेल्या असतील तर सरांच्या हातातसुद्धा ती कधी मोडेल सांगता येत नाही. नमुना ठोकळ्यावर आखतानाच हे ठरतं, म्हणून नवा ठोकळा हातात आला की आधी त्याच्या बाजू न्याहाळा. कापताना उंच भागाकडून खोलगट भागाकडे या. मानेच्या खळग्यात डोक्याकडूनही उतरायचं आणि छातीकडूनही उतरायचं, दोन्ही काप तळाशी भेटवायचे. एकाच बाजूने खाली जाऊन तसंच पुढे वर चढलात की पातं रेषांच्या उलट जातं, धागे उचकटतात आणि ढलपी तुमच्या मनाविरुद्ध खोल फाटत जाते. तुमच्या चोचीचं बहुतेक असंच झालं असावं. चोच डोक्याला मिळते तिथे आधी सरळ खाली एक काप द्यायचा, त्याला स्टॉप कट म्हणतात. मग चोचीकडून येणारी ढलपी तिथेच थांबते, डोक्यात घुसत नाही.

आणि चोच शेवटपर्यंत जाड ठेवा. सगळा पक्षी झाल्यावर ती बारीक करायची. टोकाला पातळ सुपरग्लूचा एखादा थेंब मुरवला की धागे बांधले जातात, ही युक्ती पक्षी कोरणारे मुरलेले लोकही वापरतात. टोकाकडचं लाकूड फार कडक लागलं तर पाणी आणि स्पिरिट निम्मं-निम्मं घेऊन फवारा, काप मऊ जातो.

पलंगाच्या पायाचा नाद मात्र सोडा. तिथे मनगट दुखलं ते तुम्ही कमी पडलात म्हणून नाही. लाकडाचा कडकपणा मोजायची यांका नावाची एक चाचणी आहे. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतवायला किती जोर लागतो ते त्यात मोजतात. वर्गात बहुधा जे वापरतात त्या बासवुडला सुमारे ४१० पाउंड-बल पुरतं, पांढऱ्या ओकला सुमारे १३५०, म्हणजे तिपटीहून जास्त. फर्निचरला वापरतात ती लाकडं सहसा या दुसऱ्या टोकाकडची असतात, त्यात ती वर्षानुवर्षं वाळलेली. तसं लाकूड पकडीत घट्ट आवळून, पटाशी आणि लाकडी हातोड्याने कोरायचं असतं. हातात धरून चाकूने कोरायचं ते लाकूड नव्हे. शिवाय जुन्या फर्निचरमध्ये मोडलेले खिळे निघतात आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं. बासवुड आणि त्याचा युरोपातला भाऊबंद लाइम (लिंबाचं झाड नव्हे, लिंडन) ही मऊ, एकसारख्या पोताची लाकडं कोरणाऱ्यांना उगीच आवडत नाहीत. ग्रिनलिंग गिबन्सने १७व्या शतकात इंग्लंडमध्ये पाकळी न् पाकळी सुटी दिसेल अशी फुलं कोरली ती लाइममध्येच. क्लबकडे अशा लाकडाचे उरलेले तुकडे असतातच. मागून घ्या.

बारा हत्यारांचा संच घेऊ नका. अशा संचातली निम्मी हत्यारं पेटीतून बाहेरच येत नाहीत, आणि बऱ्याचदा नवी कोरी हत्यारं धार लावल्याशिवाय कामाला येत नाहीत. एकदम बारांना धार लावायला शिकणं म्हणजे नवशिक्याला शिक्षाच. तुम्हाला सध्या हवा एक चांगला चाकू, पातं ३५ ते ४० मिलिमीटरचं, आणि चामड्याची पट्टी. लाकूड धरणाऱ्या हातात कापरोधक हातमोजा, चाकूच्या हाताच्या अंगठ्याला चामड्याची टोपी. हातमोजा घासून जाणारं पातं बऱ्यापैकी अडवतो, पण टोक भोसकलं तर ते आत जातं. त्यामुळे मोजा आहे म्हणून पात्याच्या वाटेत हात ठेवायचा नाही.

पुढे गोल धारेच्या पटाश्या घ्याल तेव्हा त्यांच्यावरचे आकडे बघायला शिका. पहिला आकडा वक्रतेचा, दुसरा रुंदीचा, बहुतेक मिलिमीटरमध्ये. ३ नंबर जवळजवळ सपाट असतो, ९ नंबर अर्ध्या वर्तुळाइतका खोल. ही आकड्यांची पद्धत इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या हत्यारांवरून रूढ झाली. स्विस बनावटीच्या हत्यारांचे आकडे तिच्याशी पुरते जुळत नाहीत, म्हणून दुसऱ्याकडची पटाशी बघून नुसत्या नंबरावर मागवू नका. क्लबच्या पेटीतली वापरून बघा, हाताला कुठली पुन्हा पुन्हा घ्यावीशी वाटते ते कळू द्या, मग तेवढी एकच घ्या.

मशीनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. फिरणाऱ्या दातेरी टोकाला लाकडाच्या रेषेची फारशी पर्वा नसते, म्हणून ते सोपं दिसतं. पण तुम्हाला तर रेषाच शिकायच्या आहेत. दुसरं कारण आरोग्याचं. चाकूच्या ढलप्या जमिनीवर पडतात, मशीनचा आणि पॉलिशपेपरचा भुसा हवेत तरंगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातलं आहे. ज्या क्लबात मशीनवर काम चालतं तिथे धूळ ओढून घेणारी व्यवस्था हवी आणि तोंडाला नीट बसणारा मास्क हवा. तुमच्याकडे नसेल तर त्या टेबलापासून लांब बसा आणि हा विषय क्लबच्या बैठकीत काढा. नवीन सभासदानेही तो काढायला हरकत नाही.

राहिला कोर्स. थांबू नका, पण उठावकामाला लगेच नावही घालू नका. क्लबमध्ये वर्गांशिवाय मोकळी बैठक असते ना, जिथे जो तो आपापलं काम घेऊन बसतो? काही महिने तिथे जा. मला क्लबचा खरा उपयोग तिथेच दिसतो. वर्गात सगळ्यांना एकच वस्तू एकाच वेळात संपवायची असते. मोकळ्या बैठकीत कुणालाच घाई नसते, शेजारचा माणूस चाकू कसा धरतो ते निवांत बघता येतं, आणि 'इथे का फाटतंय?' असं विचारलं की तीन जण तीन उत्तरं देतात. तिन्ही करून बघा. जो जास्त बोलतो त्याच्यापेक्षा ज्याच्या पायाशी एकसारख्या, पातळ ढलप्या पडल्या आहेत त्याच्या शेजारची जागा धरा.

आणि तिथे तोच पक्षी पुन्हा कोरा. नवा नमुना शोधू नका. क्लबमध्ये करवतीने बाह्याकार कापलेले तयार ठोकळे मिळत असतील तर त्याच पक्ष्याचे काही मागून घ्या आणि एकामागून एक करत राहा. दुसऱ्यात मान सुधारेल आणि शेपूट बिघडेल, तिसऱ्यात शेपूट जमेल. सगळे जपून ठेवा, ओळीने मांडून बघा. चोच फारच छळत असेल तर मध्ये काही दिवस कम्फर्ट बर्ड कोरा. हा पक्षी मुठीत मावेल एवढा, डोळे नसलेला, पंखांच्या रेषा नसलेला, आखूड जाड चोचीचा आणि स्पर्शाला गुळगुळीत असतो. अनेक क्लबांतले लोक तो कोरून रुग्णालयातल्या रुग्णांना हातात धरायला देतात. त्यात लपवायला काही नसतं, नुसता आकार आणि गोलावा, म्हणून शिकायला तो उत्तम. आणि कुणाच्या तरी मुठीत राहणार आहे म्हटल्यावर माणूस तो मन लावून गुळगुळीत करतो. त्याला जवसाचं तेल लावलंत तर एक पथ्य पाळा. तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा झालेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते उघड्यावर पसरून वाळवा.

चोच सलग काही वेळा न तुटता जमली की उठावकामाला जरूर जा. ते काम वेगळं आहे आणि मला स्वतःला फार प्रिय आहे. फळी मेजाला आवळलेली असते, दोन्ही हात हत्यारावर आणि धारेच्या मागे असतात, म्हणून एका अर्थी ते चाकूकामापेक्षा सुरक्षितच. दोन-तीन सेंटिमीटरच्या जाडीत लांबी-खोलीचा भास कसा उभा करायचा यात डोकं गुंतून जातं. नाव घालण्यापूर्वी शिकवणाऱ्याला भेटा. वर्गात किती जण असतील, पहिल्या दिवशी धार लावायला शिकवणार का, आणि मागे पडलेल्याचं काम कोण पूर्ण करतं, एवढं विचारा. शेवटच्या प्रश्नाला 'मी करून देतो' असं उत्तर आलं तर पेन्सिलीचा नियम तिथेच ठरवून घ्या. 'ज्याचं त्याने घरी करून आणायचं' असं उत्तर आलं तर निर्धास्त नाव घाला.

मुलाला न्या. आधी क्लबचा नियम विचारा, कारण लहान मुलाच्या शेजारी पालकाने पूर्ण वेळ बसावं अशी अट असू शकते. नसली तरी तुम्ही बसा. सुरुवात अंघोळीच्या साबणाच्या वडीवर, बोथट चाकूने किंवा आइस्क्रीमच्या काडीने. साबणाला रेषा नसतात, त्यामुळे तो कुठल्याही दिशेने कापला जातो आणि मुलाला आकाराचाच विचार करता येतो. खऱ्या चाकूआधी त्याला हात पसरून स्वतःभोवती गोल फिरायला सांगा. त्या घेरात कुणी असेल तर चाकू उघडायचा नाही, आणि कुणी आत आलं की हात थांबवायचा. बसताना दोन्ही कोपर गुडघ्यांवर टेकवून, लाकूड गुडघ्यांच्या पुढे धरायचं, मांडीवर कधीच नाही. पातं नेहमी अंगापासून लांब. अंगठ्याकडे ओढायचा काप तुम्हाला शिकवला असेल, तो त्याला इतक्यात शिकवू नका. आणि तो लहान आहे म्हणून त्याला लाकडासाठी बोथट चाकू देऊ नका. साबणाला बोथट चालतो. लाकडाला तुमच्याइतकाच धारदार द्या, कारण बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हातच सटकतो. अर्ध्या तासाने त्याची बोटं थकतील. तो कितीही 'अजून थोडं' म्हणाला तरी तेव्हा चाकू मिटायचा.